गच्चीची आणि मैदानाची किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील फ्लॅट स्कीम आणि गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष व सचिव,
शाळांचे मुख्याध्यापक,
तसेच मैदाने आणि क्रीडा प्रशिक्षण वर्ग चालवणारे सर्वजण

विषय : आकाशातून पडणाऱ्या विजेपासून संरक्षणाबाबत

सप्रेम नमस्कार,

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. गेली ३१ वर्षे इमारतींचे वायरिंग, अर्थिंग आणि त्यांची तपासणी हेच माझे काम आहे. हे पत्र मी महापालिका आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहू शकलो असतो आणि त्यांच्या वाट्याचीही कामे यात आहेत. पण मला जे सांगायचे आहे ते त्यांच्या आदेशावाचून, येत्या रविवारीसुद्धा होऊ शकते आणि ते करणे केवळ तुमच्या हातात आहे, कारण इमारतीच्या गच्चीला जे कुलूप असते त्याची किल्ली तुमच्याकडे असते आणि मैदानावरचा खेळ थांबवायचा की चालू ठेवायचा हे तुमची शिट्टी ठरवते.

गेल्या वर्षी मृग लागून चार-पाच दिवस झाले होते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हिंगण्याच्या बाजूने काळे ढग चढून आले, धुळीचा लोट उठला आणि आमच्या स्कीमचे लोक नेहमीप्रमाणे गच्चीवरचे कपडे काढायला धावले. पाऊस अजून सुरूही झाला नव्हता. तेवढ्यात असा कडाडा झाला की उजेड आणि आवाज यांच्यात अंतर म्हणून उरले नाही. लाइट गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि खाली गेट लावत असलेला आमचा चौकीदार चार-पाच फूट मागे फेकला गेला. तो वाचला. त्याच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा पट्टा उमटला होता. डाव्या कानात आजही शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, असे तो सांगतो. वीज त्याच्या अंगावर पडली नव्हती. ती पडली होती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर, त्याच्यापासून पाच मजले वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांकडून किल्ली घेऊन मी गच्चीवर गेलो. टाकीच्या कठड्याचा वीतभर तुकडा उडून पडला होता आणि त्याच्या शेजारीच वीजरोधकाचा दांडा, ज्याला आपण सगळे लाइटनिंग अरेस्टर म्हणतो, सरळ उभा होता. दांड्यापासून निघालेली तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली उतरत होती. तिच्यामागोमाग जिना उतरत मी पार्किंगपर्यंत आलो, तेव्हा जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीवर ती संपलेली दिसली. कापलेली कड स्वच्छ होती, म्हणजे खालचा तुकडा कोणीतरी भंगारात विकण्यासाठी करवतीने कापून नेला होता. कापल्या जागेवर हिरवट काट साचला होता, यावरून ही चोरी निदान दोन-तीन वर्षांपूर्वीची असावी. अर्थिंगचा खड्डा, म्हणजे पट्टीतली वीज जिथे मातीत उतरते तो, शोधायला अर्धा तास लागला, कारण पार्किंगमध्ये गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, बसवताना तो खड्डा त्यांच्याखाली बुजून गेला होता. आणि त्या लोंबत्या पट्टीपासून गेटचा लोखंडी खांब जेमतेम दीड फुटावर होता.

मग काय घडले हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज उरली नाही. वीज दांड्याजवळ उतरली, पट्टीतून खाली आली, पुढे रस्ता संपला म्हणून तिने जवळच्या लोखंडावर उडी घेतली आणि त्या लोखंडाला एक माणूस हात लावून उभा होता. याच इमारतीच्या फाइलमध्ये, ताबा घेताना बिल्डरने दिलेल्या कागदावर, ‘लाइटनिंग अरेस्टर : आहे’ अशी नोंद आहे. मी त्याच इमारतीत अकरा वर्षे राहतो, हेच माझे काम आहे आणि तरीही मी ती पट्टी एकदाही वरपासून खालपर्यंत पाहिली नव्हती. हे मला तुमच्यापासून लपवायचे नाही, कारण जे माझ्याकडून राहिले ते तुमच्याकडूनही राहिले असेल, याची मला खात्री वाटते.

त्यानंतर मी ओळखीच्या आणि ओळखीतून कळलेल्या इमारतींच्या गच्च्या पाहू लागलो. बहुतेक ठिकाणी दांडा होता, पण जमिनीपर्यंत अखंड पोहोचलेली पट्टी फार थोड्या ठिकाणी मिळाली. कुठे रंगकाम करताना पट्टी काढून गुंडाळून ठेवलेली, कुठे मधला जोड गंजून सुटलेला, कुठे केबलवाल्याने त्याच पट्टीला आपल्या तारांचा जुडगा बांधलेला. अर्धवट वीजरोधक हा मुळीच नसलेल्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. तो विजेला इमारतीवर घ्यायची जागा देतो आणि नंतर जमिनीत न्यायची वाट देत नाही. लोकांच्या मनातला गैरसमज असा की दांडा वीज ‘पडूच देत नाही’. तसे नाही. वीज पडायची ती पडतेच. दांडा, पट्टी आणि खड्डा हे तिघे मिळून तिला माणसे, तारा आणि भिंती टाळून मातीत उतरायचा सोपा रस्ता देतात आणि त्या तिघांपैकी एक जरी नसला तरी उरलेल्या दोघांचा उपयोग नाही.

आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर धावते, बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्प तिला मिळते आणि वरच्या थरात वायव्येकडची कोरडी हवा असते. या मिश्रणातून उभा राहणारा ढग बारा-तेरा किलोमीटर उंच जातो. त्याच्या पोटात बर्फाचे स्फटिक आणि भुसभुशीत गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगळा होतो आणि वीज तयार होते. म्हणूनच आपल्याकडे सर्वाधिक विजा भर पावसाळ्यात पडत नाहीत. त्या पडतात नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आगेमागे, वळवाच्या पावसात, मृगाच्या पहिल्या सरींत आणि पुन्हा परतीच्या पावसात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ती रात्र ज्यांनी जागून काढली त्यांना पाण्याइतकाच तो न थांबणारा लखलखाटही आठवत असेल. पुराची चर्चा शहराने पुष्कळ केली आणि ती योग्यच होती. विजेची मात्र होत नाही, कारण वीज एका वेळी एका-दोघांना नेते आणि बातमी आतल्या पानावर जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे गेली. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींत गेलेल्या ८,०६० जणांपैकी ही संख्या जवळपास ३६ टक्के भरते.

हे बहुतेक मृत्यू शेतात आणि उघड्या रानात होतात, शहरात तुलनेने कमी, हे खरे आहे. पण शहरात जे या धोक्यात असतात ते कोण, हे एकदा आपल्या डोळ्यांसमोर आणावे. फ्लॅटमध्ये खिडकी लावून बसलेले आपण नसतो. गेटवरचा चौकीदार, बागेतला माळी, गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणारे मजूर, बांधकामावर पत्र्याच्या खोपटात राहणारी कुटुंबे आणि मैदानावरची मुले हे ते लोक. १२ मार्च २०२१ रोजी गुरुग्राममधल्या एका निवासी संकुलात पावसापासून आडोसा म्हणून बागकाम करणारे चौघे झाडाखाली उभे राहिले आणि त्याच झाडावर वीज पडली. त्यांतला एक दगावला. त्याच वर्षी ११ जुलैला जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर पाऊस पाहायला चढलेल्या ११ जणांचा जीव गेला. झाड आणि उंच उघडी जागा या दोन्ही गोष्टी आपल्या प्रत्येक स्कीममध्ये आहेत. अवकाळीचे ढग दाटले की गारा वेचायला आणि व्हिडिओ काढायला मुले आधी गच्चीवरच धावतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अगदी नेमकी आहे. दरवर्षी मे महिन्यात, नवतपा लागण्यापूर्वी, एका जाणकाराला बरोबर घेऊन दांड्यापासून खड्ड्यापर्यंतची पट्टी डोळ्यांनी आणि हातांनी तपासावी. मे महिनाच का, तर तेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडपासून सुटून मागे सरते. पश्चिम नागपुरात तर काही फुटांवरच मुरूम आणि काळा खडक लागतो. जो खड्डा ऑगस्टमध्ये चांगले माप दाखवतो तोच मे महिन्यात निकामी असू शकतो. अर्थ टेस्टर या उपकरणावर हे माप, म्हणजे जमिनीत उतरताना विजेला होणारा अडथळा, १० ओहमच्या आत यायला हवे. आमच्या स्कीममध्ये गट्टू उकरून खड्डा मोकळा केल्यावर पहिले माप ८६ ओहम आले होते. खड्ड्यावर उघडता येणारे झाकण बसवावे, त्याची जागा भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्यातून एकदा पाणी घालायला सांगावे. तांब्याची पट्टी चोरीला जात असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी, म्हणजे बाजारातली जीआय पट्टी, चालते. जमिनीलगतचा सहा-सात फुटांचा भाग जाड पाइपात बंद करावा, म्हणजे चोरही दूर राहील आणि मुलांचा हातही लागणार नाही. गेट, रेलिंग, पाण्याचे लोखंडी पाइप असे जे काही पट्टीच्या जवळ येते ते तिला जोडून घ्यावे किंवा पट्टीच दूर न्यावी. आमच्या पाच मजली इमारतीत या सगळ्याला आलेला खर्च एका महिन्याच्या मेंटेनन्सच्या आत बसला.

अलीकडे गच्चीवर सोलर बसवण्याची लाट आली आहे. ती चांगलीच आहे, पण त्याबरोबर एक नवा गैरसमज आला आहे. सोलरवाले आपल्या पॅनलसाठी स्वतंत्र अरेस्टर आणि स्वतंत्र अर्थिंग देतात आणि तो दांडा पाहून संस्थेला वाटते की आता पूर्ण इमारत सुरक्षित झाली. तो दांडा पॅनलपुरता असतो. उलट पॅनलचा सांगाडा जुन्या दांड्यापेक्षा उंच चढवलेला मी तीन ठिकाणी पाहिला, म्हणजे जुन्या दांड्याच्या संरक्षणाबाहेर. सोलरचे काम झाले की जुन्या व्यवस्थेचा पुन्हा विचार करावा लागतो. आणखी एक सावधगिरी. एकच खांब उभा करून आसपासच्या कितीतरी मीटर परिसराचे संरक्षण करू, असे सांगणारी महागडी उपकरणे बाजारात आहेत. आपल्या देशाचे वीजसंरक्षणाचे मानक, आयएस/आयईसी ६२३०५, त्या पद्धतीला जागा देत नाही. इमारतीच्या कोपऱ्यांना, कडांना आणि टाकीला संरक्षण द्यायचे तर दांडे आणि पट्ट्यांचे जाळे इमारतीच्या आकारानुसारच आखावे लागते. कोटेशन मागताना या मानकाचे नाव लेखी घालावे. घरातल्या टीव्ही, राऊटर आणि लिफ्टच्या कार्डासाठी मुख्य पॅनलमध्ये सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे तारांतून येणारा विजेचा अचानक लोट अडवणारे उपकरण, लागते. एमसीबी, म्हणजे पॅनलमधला नेहमीचा ट्रिप होणारा स्विच, ते काम करत नाही.

अग्निसुरक्षेच्या बाबतीत जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून यंत्रणा चालू असल्याचा ‘बी’ फॉर्म देण्याची पद्धत राज्यात आहे आणि सचिव मंडळी ती तारीख सहसा चुकवत नाहीत. वीजरोधकाच्या बाबतीत असा शिरस्ता मी अजून एकाही स्कीममध्ये पाहिला नाही. तो आपणच पाडावा. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘गच्चीवरील वीजरोधक तपासणी व मोजमाप’ अशी एक ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता मैदानांविषयी. तिथे तांब्याची पट्टी कामाची नाही, तिथे निर्णय लागतो. गेल्या जूनमध्ये एका क्रिकेट प्रशिक्षण वर्गाच्या मैदानावर मी नातवाला आणायला गेलो होतो. गडगडाट ऐकू येत होता. थेंब सुरू होताच पंधरा-सोळा मुले बॅटी आणि किटबॅगा घेऊन कडूनिंबाच्या झाडाखाली गोळा झाली आणि प्रशिक्षक, जो अतिशय कष्टाळू आणि मुलांवर जीव लावणारा तरुण आहे, म्हणाला, “पाच मिनिटं थांबू, पावसाची सर निघून जाईल.” त्याला पावसाची काळजी होती, मुले भिजतील म्हणून. विजेचा नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी मारते, मुळांवाटे जमिनीत पसरते आणि दोन पावलांमधल्या अंतरातून अंगात शिरते. वीज थेट डोक्यावर पडून होणारे अपघात एकूण अपघातांत थोडे असतात. जास्त माणसे जखमी होतात ती अशा आडवाटेने आलेल्या विजेमुळे.

नियम साधा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब धरला तर तीस सेकंदांच्या आत आवाज येणे म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि दहा किलोमीटरवरच्या ढगाची पुढची वीज आपल्या डोक्यावर पडू शकते. तेव्हा लगेच सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या बसमध्ये न्यावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटे बाहेर सोडू नये. पत्र्याचा मंडप, प्रेक्षकांचा उघडा स्टँड, ऑटो, दुचाकी ही आसऱ्याची ठिकाणे नव्हेत. ज्या मैदानाजवळ पक्की इमारत नाही तिथे एप्रिल ते जून या काळात संध्याकाळचे वर्ग घेताना मुले कुठे जातील हे आधी ठरवलेले असावे आणि ते ठरत नसेल तर ढग दिसताच वर्ग सोडावा.

इशारे मिळवायला आता पैसे पडत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावर ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप चालते. आपल्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत असल्या तर ते सांगते. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पुढच्या तीन तासांसाठी गडगडाटी पावसाचे इशारे देते. प्रश्न असा आहे की इशारा आल्यावर मैदानावर शिट्टी कोणी वाजवायची? माझा मुलगा सिंगापूरला असतो. तिथे वर्षातले जवळपास निम्मे दिवस गडगडाटाचे असतात, आणि इशारा मिळताच पोहण्याचे तलाव रिकामे केले जातात. त्यावर कोणी वाद घालत नाही, कारण हा निर्णय पोहणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. आपल्या शाळेत आणि वर्गात हा अधिकार एका व्यक्तीला नावानिशी द्यावा. सामना कितीही रंगात आलेला असो, पाहुणे कोणीही असोत, त्या व्यक्तीची शिट्टी वाजली की मैदान रिकामे झाले पाहिजे. आणि पालक “एवढ्यातेवढ्याला वर्ग सोडता” म्हणून तक्रार करतील, तेव्हा त्या व्यक्तीच्या पाठीशी संस्थेने उभे राहावे.

मुख्याध्यापकांना आणखी एक सांगायचे आहे. लहानपणी वीज कडाडली की आजी आम्हाला अर्जुनाची दहा नावे म्हणायला लावायची. भीती कमी व्हायची, आणि आम्ही घराच्या आत असायचो, हे त्यातले मोलाचे. पण पायाळू माणसावर वीज पडते, या समजुतीने आजही काही मुलांना पावसाळी दिवसांत वेगळे बसवले जाते, चिडवले जाते. वीज कोण कसे जन्मले हे पाहत नाही. आणि वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो, ही समजूत तर जीवघेणी आहे. त्या शरीरात विजेचा अंशही उरलेला नसतो. हृदय बंद पडलेले असेल तर पहिल्या काही मिनिटांत छाती दाबून ते पुन्हा चालू होऊ शकते. अनेकजण पडले असतील तर जो कण्हतो आहे त्याच्याआधी जो निपचित आहे त्याच्याकडे धावावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शेजारच्या छत्तीसगडात वीज लागलेल्यांना शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात जी मिनिटे जातात तीच वाचण्याची असतात. शाळेच्या दोन-तीन शिक्षकांना छाती दाबण्याचे प्रशिक्षण देणे हे एका दुपारचे काम आहे.

वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून ४ लाख रुपये मिळतात. ती मदत आवश्यक आहे. आमच्या चौकीदाराच्या पत्नीने त्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात मला विचारले होते, “साहेब, ते वरचं यंत्र तर होतं ना?” मी तेव्हा “हो” म्हणालो, कारण पट्टी मी अजून पाहिलेली नव्हती.

२५ मेला नवतपा लागतो. त्याच्या आधीच्या प्रत्येक रविवारी सकाळी सात ते अकरा मी माझा अर्थ टेस्टर घेऊन दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या इमारतींची मापे घेणार आहे, त्याचे पैसे घेणार नाही. ज्या स्कीमच्या गच्चीला कुलूप असेल त्यांनी किल्ली खाली चौकीदाराकडे देऊन ठेवावी आणि खड्डा गट्टूंच्या खाली गेला असेल तर एक पहार तयार ठेवावी.

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक
नागपूर